विभागातील डॉक्टर विझत चालले आहेत. प्रमुख म्हणून माझ्या हातात नेमके काय आहे?

नवखा प्रमुख

सर्वांना नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयातील मेडिसिन विभागाचे प्रमुखपद माझ्याकडे आले. त्याआधी बरीच वर्षे मी याच विभागात काम केले असल्यामुळे माणसे परिचयाची आहेत, त्यांच्या कामाची पद्धत ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांच्यात होत गेलेला बदल माझ्या नजरेतून सुटत नाही. या आठ महिन्यांत दोन अनुभवी सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. दोघांनीही कारण ‘वैयक्तिक’ असे लिहिले आणि निरोपाच्या चहालाही ते थांबले नाहीत. मात्र राजीनाम्यांहूनही एक वेगळीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. आमच्या एका सहकारी डॉक्टरांच्या राऊंडला विद्यार्थी एकेकाळी आपली वेळ संपल्यावरही थांबत असत. त्याच डॉक्टर आता रुग्णाचे नाव घेत नाहीत. ‘बारा नंबरचे लिव्हर’ असे म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात.

व्यवस्थापनापुढे हा विषय मांडला तेव्हा उपाय तत्परतेने योजण्यात आला : दर शनिवारी दुपारी तणावमुक्तीचे सत्र, हजेरी सक्तीची. आठवडाभराच्या राहिलेल्या नोंदी पुऱ्या करून जरा लवकर घरी जाण्यासाठी आमच्या लोकांना शनिवारची दुपार तेवढी मिळत होती. पहिल्या सत्राला सगळे आले, चौथ्याला पाच जण आले, आणि गैरहजर राहणाऱ्यांची नावे कळवावीत असे पत्र आता माझ्या टेबलावर पडले आहे.

नवी पदे मंजूर करणे, पगार वाढवणे, संगणकप्रणाली बदलणे यांपैकी काहीही माझ्या अधिकारात नाही. अशा स्थितीत विभागप्रमुखाच्या वागण्याने खरोखर काही फरक पडतो का, की ‘नेतृत्व’ हा केवळ व्यवस्थापनाच्या भाषणांत शोभणारा शब्द आहे? फरक पडत असेल तर तो कोणत्या गोष्टींनी पडतो? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

मानसवैद्य

आपण वर्णन केलेल्या प्रसंगात ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ असा प्रकार झालेला दिसतो, आणि तो तसा का झाला हे समजण्यासाठी बर्नआउट या संज्ञेकडेच थोडे बारकाईने पाहावे लागेल.

मानसशास्त्रीय अर्थाने हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ साली वापरात आणला. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्यासाठी बावीस विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. पहिली भावनिक थकवा, दुसरी ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि तिसरी आपल्या हातून काही चांगले घडत आहे या जाणिवेचे ओसरणे. ‘बारा नंबरचे लिव्हर’ हे दुसऱ्या गोष्टीचे नेहमीचे रूप आहे. अर्थात एका वाक्यावरून मी कोणाचेही निदान करणार नाही, आणि आपणही करू नये. वॉर्डात अशी भाषा थकवा नसतानाही बोलली जाते. पण जी व्यक्ती पूर्वी तशी बोलत नव्हती ती आता बोलू लागली असेल, तर आपली अस्वस्थता योग्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीविषयी खुलासा करताना बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित अशी घटना असल्याचे स्पष्ट केले. कामाच्या ठिकाणचा जो दीर्घकालीन ताण नीट हाताळला गेला नाही त्याचा हा परिणाम, असे तिथे म्हटले आहे. मला या व्याख्येतील खोच महत्त्वाची वाटते, कारण बिघाड कामाच्या रचनेत असेल तर केवळ काम करणाऱ्याला श्वासोच्छ्वास शिकवून तो दुरुस्त होणार नाही. २०१७ साली मारिया पानागिओटी आणि सहकाऱ्यांनी एकोणीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात व्यक्तीवर केंद्रित उपायांपेक्षा कामाचे वेळापत्रक, कामाचा भार आणि संघाची कार्यपद्धती बदलणाऱ्या संस्थात्मक उपायांचा परिणाम अधिक दिसला.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २०१३ साली झालेल्या सर्वेक्षणाला २,८१३ डॉक्टरांनी प्रतिसाद दिला आणि त्याचे निष्कर्ष टेट शॅनाफेल्ट व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडले. प्रत्येक डॉक्टरने आपल्या थेट वरिष्ठाला बारा बाबींवर गुण द्यायचे होते, एकूण साठ. या गुणांत एकाने वाढ झाली की बर्नआउटची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी आणि समाधानाची शक्यता ९ टक्क्यांनी जास्त आढळली. विभागाविभागांतील समाधानात जो फरक होता त्यापैकी ४७ टक्के फरक प्रमुखाला मिळालेल्या गुणांशी जुळत होता; बर्नआउटच्या बाबतीत हे प्रमाण ११ टक्के होते.

या दोन आकड्यांतील अंतर विसरू नका. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली माणूस बऱ्यापैकी समाधानी राहतो, तरीही दमतोच. शिवाय हा एकाच वेळी केलेला अभ्यास आहे. जो आतून संपत आला आहे तो वरिष्ठाला कमी गुण देण्याचीही शक्यता असते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तरीही त्या बारा बाबी वाचून मला आश्चर्य वाटले होते, कारण त्यांत दूरदृष्टी, धडाडी असे भारदस्त काहीच नव्हते. वरिष्ठ मला मानाने वागवतात का, माझे मत विचारतात का, होऊ घातलेले बदल मला आधी सांगतात का, चांगल्या कामाची दखल घेतात का, सुधारणा सुचवायला उत्तेजन देतात का, माझ्या पुढच्या वाटचालीविषयी माझ्याशी बोलतात का. यांपैकी एकाही गोष्टीसाठी वरून मंजुरी घ्यावी लागत नाही.

शंकासुर

मानसवैद्यांनी सावधपणे लिहिले आहे हे मान्य करूनही मी दोन ठिकाणी अडतो.

बर्नआउटविषयीचे आकडे ऐकले की मी आधी विचारतो, मोजले कसे? लिसा रोटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४५ देशांतील १८२ अभ्यास तपासले, तेव्हा त्यांना बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसले. त्यामुळे ‘निम्मे डॉक्टर बर्नआउटने ग्रस्त’ असे मथळे वाचून धोरणे आखणाऱ्यांनी जरा थांबावे. आपल्या विभागात पूर्वी काय होते आणि आज काय आहे, एवढी तुलना त्याहून अधिक उपयोगी पडते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. प्रमुख कितीही समंजस असला तरी चाळीस खाटांच्या वॉर्डात सत्तर रुग्ण असतील, तर त्याचा समंजसपणा किती दिवस पुरणार? वेंडी डीन आणि सायमन टॅलबॉट यांनी २०१८ मध्ये डॉक्टरांच्या संदर्भात ‘नैतिक जखम’ ही संज्ञा मांडली. रुग्णासाठी काय करायला हवे हे माहीत असूनही व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, आणि असे रोज घडते, तेव्हा होणारे दुखणे थकव्याहून निराळे असते. रजेने थकवा जातो, ही बोच जात नाही. अशा ठिकाणी ‘प्रमुखाने कौतुक करावे, मत विचारावे’ असा सल्ला म्हणजे सगळा बोजा वरच्या मजल्यावरून उचलून मधल्या जिन्यावर ठेवल्यासारखे होते. प्रश्नकर्त्यांच्या पत्रातही मला तेच दिसते. उद्या आणखी दोघे गेले तर ‘आपले नेतृत्व कमी पडले’ असे यांनाच ऐकवले जाईल.

आणि हो, व्यक्तीसाठीचे उपाय अगदीच टाकाऊ ठरवू नयेत. कॉलिन वेस्ट यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डॉक्टरांच्या लहान गटांना पंधरवड्यातून एकदा एक तास एकत्र बसवण्यात आले. तो तास संस्थेने कामाच्या वेळातून मोकळा करून दिला होता. कोरडेपणा त्यामुळे कमी झाला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. शनिवारच्या सत्रात वेळ डॉक्टरांच्या घरच्या वाट्यातून घेतली गेली आहे, आणि माझ्या मते दोष ध्यानधारणेत नसून या हिशेबात आहे.

निवृत्त अधीक्षक

शंकासुरांचे म्हणणे मला पटते, कारण त्या मधल्या जिन्यावर मी नऊ वर्षे उभा होतो. तरीही त्या जिन्यावरून पुष्कळ काही हलवता येते, असे अनुभवाने सांगतो. त्यातले काही मी फार उशिरा शिकलो.

प्रमुख झाल्यावर मी उत्साहाने एक सूचनापेटी ठेवली. पहिल्याच महिन्यात ती भरली. मी सर्व चिठ्ठ्या वाचल्या, त्यांचा गोषवारा तयार केला, वर पाठवला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. उत्तर आले नाही, आणि ते आले नाही हेही मी कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी त्या पेटीत एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर ‘पेटीचे कुलूप गंजले आहे’ एवढेच लिहिले होते. ती मी बरीच वर्षे जपून ठेवली.

नंतर एकदा सहज रात्री नऊ वाजता वॉर्डात गेलो, तर ज्यांची ड्युटी चारला संपली होती असे दोन डॉक्टर संगणकापुढे बसलेले होते. काय चालले आहे म्हणून पाहिले. ते घरी सोडलेल्या रुग्णांची तीच माहिती तीन ठिकाणी भरत होते, आणि त्यांतला तिसरा फॉर्म माझ्याच सहीने सुरू झालेला होता! कधी काळी एक तक्रार आली म्हणून तो सुरू केला होता. तक्रार मिटली, तक्रार करणाऱ्यांचे नावही कोणाला आठवत नव्हते, फॉर्म मात्र राहिला होता. हे केवळ आमच्याकडेच घडते असे नाही. क्रिस्टीन सिन्स्की यांच्या २०१६ च्या निरीक्षणात अमेरिकेतील डॉक्टर रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात घालवताना दिसले, आणि रात्री घरी गेल्यावरही एक-दोन तास तेच चालत असे.

त्या रात्रीनंतर मी सूचना मागणे बंद केले आणि एकेकाला भेटून एकच प्रश्न विचारू लागलो : तुमच्या कामातली कोणती गोष्ट उद्यापासून बंद केली तर एकाही रुग्णाचे नुकसान होणार नाही? उत्तरे लिहून घेतली, तेव्हा लक्षात आले की निम्म्याहून कमी गोष्टींसाठी वरची परवानगी लागत होती. उरलेल्या आमच्याच विभागाने कधीतरी स्वतःवर लादून घेतलेल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीत एक फळा लावला आणि त्यावर प्रत्येक मुद्द्यापुढे ‘बंद केले’, ‘वर पाठवले, अमुक तारखेला पुन्हा विचारणार’ किंवा ‘होणार नाही, कारण अमुक’ यांपैकी एक लिहायचे असे ठरवले. ‘होणार नाही’ असे स्पष्ट लिहिलेले लोकांना चालते. त्यांना नकाराहून मौन जास्त लागते, हे मला सूचनापेटीने शिकवले होते.

याच धर्तीवर अमेरिकेतील हवाई पॅसिफिक हेल्थ या रुग्णालयसमूहाने २०१७ च्या ऑक्टोबरात एक मोहीम काढली, आणि तिचे नावच ‘निरर्थक गोष्टी काढून टाकणे’ या अर्थाचे ठेवले. किशोरवयीन रुग्णांची काळजी घेणाऱ्या एका परिचारिकेने कळवले की तिच्या तपासणीच्या तक्त्यात नवजात बाळाच्या नाळेची नोंद करण्याचा रकाना आहे, तो कृपया काढावा. परिचारिकांना दर फेरीला करावी लागणारी एक नोंद बंद केली, तेव्हा चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० तास वाचले. त्या एका नोंदीला चोवीस सेकंद लागत होते.

विभागप्रमुखाच्या हातात असलेली दुसरी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. शॅनाफेल्ट यांच्याच २००९ च्या अभ्यासात एका वैद्यकीय शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक-डॉक्टरांना विचारले होते की कोणते काम तुम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटते आणि त्याला किती वेळ मिळतो. ज्यांना त्या कामासाठी एकूण वेळाच्या वीस टक्क्यांहून कमी वेळ मिळत होता त्यांच्यात बर्नआउट ५३.८ टक्के होता, इतरांत २९.९ टक्के. वीस टक्के म्हणजे आठवड्यातला साधारण एक दिवस. आपल्या त्या सहकारी डॉक्टरांची शिकवण्याची हातोटी होती असे आपण लिहिले आहे. गेल्या वर्षभरात त्यांचे शिकवण्याचे तास किती झाले आणि समित्यांचे किती, हे एकदा वेळापत्रक उघडून पाहा. मला उत्तराचा अंदाज आहे.

गैरहजरांच्या यादीबद्दल : यादी पाठवू नका, पण पत्राला उत्तर जरूर द्या. सत्र कामाच्या वेळात घ्यावे आणि हजेरी ऐच्छिक करावी, असे लेखी सुचवा. वर बोलताना मन, थकवा, सहानुभूती हे शब्द जपून वापरावेत, कारण ते ऐकले की तिथे लगेच एखादी कार्यशाळा जन्माला येते. त्याऐवजी एक अनुभवी डॉक्टर गेल्यावर ती जागा किती महिने रिकामी राहिली, तोपर्यंत किती जादा ड्युट्या लावल्या, नव्याला तयार व्हायला किती काळ लागला, एवढे कागदावर मांडून न्यावे. शाशा हान आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेपुरता असा हिशेब केला, तेव्हा नोकरी सोडून जाणाऱ्या आणि कामाचे तास कमी करणाऱ्या डॉक्टरांमुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे ४.६ अब्ज डॉलर निघाले. व्यवस्थापनाला ही भाषा समजते, आणि त्यात गैरही काही नाही.

रात्रपाळी

मी निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे या चर्चेत सर्वांत कनिष्ठ. वरच्या प्रतिसादांत न आलेली एक गोष्ट लिहिते.

प्रमुख कसे आहेत हे आम्हाला सभेत कळत नाही. काही चुकल्यावर त्यांच्या तोंडून जे पहिले वाक्य निघते त्यातून कळते. दोन वेगवेगळ्या ठिकाणी मला दोन प्रमुख मिळाले. पहिल्या ठिकाणी माझ्याकडून एका औषधाच्या मात्रेत चूक झाली होती. ती वेळेत लक्षात आली आणि रुग्णाला इजा झाली नाही, तरी दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या नातेवाइकांसमोर आणि परिचारिकांसमोर सरांनी मला विचारले, ‘तुम्हाला पदवी दिली कोणी?’ त्यानंतर आमच्या तुकडीतल्या कोणीही आपली चूक आपणहून सांगितली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. दिवस मोजत राहिलो. दुसऱ्या ठिकाणी रात्री रुग्ण दगावला, तेव्हा मॅडमनी सकाळी मला बाजूला घेऊन आधी विचारले की मी काही खाल्ले आहे का, रात्री एकटीच होते का, आणि मदतीला बोलावले तेव्हा कोण आले. चुकीची चर्चा त्यांनी टाळली नाही. ती दोन दिवसांनी, सगळ्या कागदपत्रांसह, सविस्तर झाली, आणि त्या चर्चेतून रात्रपाळीला दुसरा डॉक्टर बोलावण्याची पद्धतच बदलली गेली. अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा प्रसंगातील डॉक्टरला ‘दुसरा बळी’ म्हटले होते. या शब्दावर आक्षेप आहेत आणि ते मला मान्य आहेत, कारण रुग्णाच्या कुटुंबापुढे स्वतःला बळी म्हणवून घेणे मलाही जड जाते; पण त्या रात्रीनंतरच्या सकाळी मला काय वाटत होते हे त्या शब्दाखेरीज मला सांगता येत नाही.

तासांविषयी एवढेच : ते मोजले पाहिजेतच. क्रिस्टोफर लँड्रिगन यांच्या २००४ च्या प्रयोगात, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या अतिदक्षता विभागातील इंटर्नांकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या होत्या. मात्र ड्युटीचा तक्ता आदल्या रात्री बदलणे थांबवले, तर एकही तास कमी न करता आमचे अर्धे दुखणे कमी होईल. बहिणीच्या लग्नाला जाता येईल की नाही हे महिनाभर आधी कळणे ही चैन नाही.

नवखा प्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. अधीक्षकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे काल वेळापत्रक उघडून पाहिले. आमच्या त्या सहकारी डॉक्टरांचे अध्यापन मागच्या वर्षी आठवड्याला सहा तास होते, यंदा दीड तास आहे. दरम्यान त्यांच्याकडे तीन समित्या आल्या, आणि त्यांपैकी दोन मीच, ‘तुम्ही व्यवस्थित काम करता’ असे सांगून, त्यांच्याकडे सोपवल्या होत्या. हे वाचून मला बराच वेळ काही सुचले नाही. आज सकाळी त्यांना भेटलो आणि त्या दोन समित्या परत घेतल्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘विचारलेत, बरे केलेत.’

ड्युटीचा तक्ता सहा आठवडे आधी लावण्याचे ठरवले आहे. पत्राचे उत्तर लिहून तयार आहे. आता एक व्यावहारिक शंका उरते : विभागात निनावी सर्वेक्षण करावे असे मनात आहे, पण मला वगळता सगळे मिळून अठरा जण आहेत, तेव्हा ते निनावी राहील का?

मानसवैद्य

अठरा जणांत वय, पद आणि अनुभवाची वर्षे विचारली की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. तेव्हा यांपैकी काहीही विचारू नका. प्रश्नावली विभागाबाहेरच्या व्यक्तीने गोळा करावी, तुमच्यापर्यंत फक्त एकत्रित उत्तरे यावीत, आणि मोकळ्या मजकुराचा रकाना ठेवायचा असेल तर त्यातली वाक्ये जशीच्या तशी तुमच्यापुढे येणार नाहीत हे आधीच सांगावे, कारण भाषेवरून माणूस ओळखू येतो. निकाल पंधरा दिवसांत सगळ्यांना दाखवता येणार नसतील, तर सर्वेक्षण पुढे ढकललेले बरे. पेटीच्या कुलपाची गोष्ट वर आलीच आहे.

आणि त्या प्रश्नावलीत एक प्रत तुमचीही असू द्या. स्टॅनफर्डमधून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जे प्रमुख स्वतः बर्नआउटकडे झुकलेले होते त्यांना त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी, प्रमुखांची उत्तरे माहीत नसतानाही, नेतृत्वासाठी कमी गुण दिले होते. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आपण पहिला मजकूर टाकला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

नवखा प्रमुख

ड्युटीवर होतो. पण आपला मुद्दा लक्षात आला. प्रती एकोणीस काढतो.